मोळीचा हिशेब



गटाच्या बैठकीत आपण रुपया-रुपयाचा हिशेब लिहितो. आज अशा एका खर्चाबद्दल बोलूया, जो कुठल्याच वहीत चढला नाही. सरपणाचा.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या चुली ठाणे जिल्ह्यातल्या जंगलावर पेटत. आपली बोरिवली, मुलुंड ही गावंही तेव्हा त्याच जिल्ह्यात मोडत. लाकूड तोडायचं, वाळवायचं, बैलगाडीने खाडीपर्यंत आणायचं, पडावात भरून मुंबईला न्यायचं, तिथून वखारीत. प्रत्येक टप्प्यावर हमाली आणि भाडं. लाकूड जड आणि त्या मानाने आच कमी, म्हणून भाडंच जड होई. त्यावर तोड म्हणून जंगलातच भट्टी लावून कोळसा पाडत. वजन पाव-पंचमांशावर येई. भट्टीचं हे काम कातकरी कुटुंबं करत, व्यापार मात्र ठेकेदाराचा.

१८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव झाली. फाटा आणणं, शेतात राब जाळणं यावर बंधनं आली. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी झाल्या, की सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. पुढे २५ सप्टेंबर १९३० ला उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार होऊन माणसं मेली.

आमच्या गटात पाड्यावरच्या एक आजी आहेत. त्या सांगतात, "पहाटे निघायचं, दुपारी मोळी घेऊन उतरायचं. डोक्यावर चुंबळ, मनात गार्डची भीती." राष्ट्रीय उद्यानातून लाकूड आणायला आता कायद्याने बंदी आहे. जंगल राहायला हवं, हे आजीही मानतात. पण चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न शेवटी बाईच्याच डोक्यावर येतो.

जरा गणित मांडूया. किलोभर सुक्या लाकडात गॅसच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी उष्णता असते. साध्या चुलीत त्यातला आठवा-दहावा भागच भांड्याला लागतो, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून जास्त. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साधारण २०० किलो लाकूड हवं. २० किलोची मोळी धरली, तर दहा खेपा. शिवाय धूर आणि मानेचं दुखणं वेगळं.

तरी आपण म्हणतो, सरपण फुकट. फुकट नव्हतं, बायांनो. बाईच्या दिवसाला कुणी भाव लावला नव्हता, इतकंच. सिलिंडर महागला की पहिली मोळी कोण उचलतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

या आठवड्यात गटाच्या वहीत एक रकाना वाढवा: इंधनासाठी गेलेले तास. पुढच्या बैठकीत बेरीज करू.