पन्हाळ्याचा यमककार : मोरोपंत आणि कानाची कविता

पन्हाळगडावर जाणारा मराठी माणूस प्रथम आठवतो तो सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू आणि शिवा काशीद. ते योग्यच आहे. पण याच गडावर 1729 साली मोरेश्वर रामचंद्र पराडकर नावाचे मूल जन्माला आले आणि मराठीतील सर्वांत कसबी यमककार त्यातून घडला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यालाही बहुधा परीक्षेपुरतेच ठाऊक असते. मोरोपंतांविषयी आपल्या मनात एक ठरीव चित्र आहे : पंडित कवी, संस्कृतप्रचुर भाषा, आर्यांचा डोंगर, कसरती यमके. ‘पंडिती’ हा शब्द आपण त्यांच्या बाबतीत निम्मा आदराने आणि निम्मा कंटाळ्याने वापरतो. या चित्रातून एक महत्त्वाची गोष्ट निसटली आहे, असे मला वाटते. मोरोपंत हे कानासाठी लिहिणारे कवी होते आणि आपण त्यांना केवळ डोळ्यांनी वाचत आलो.

त्यांच्या चरित्राची रूपरेषा साधी आहे. घराणे मूळचे कोकणातले, वडील पन्हाळ्यास चाकरीला. गडावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे पंतांचे काव्य-व्याकरणाचे अध्ययन झाले. पुढे ऐन तारुण्यात ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेले आणि 1794 मध्ये देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. वाड्यात पुराण सांगणे हे त्यांचे काम. म्हणजे रोज समोर बसलेल्या माणसांना कथा ऐकवणे हा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या काव्याचा विचार करताना हा तपशील आपण फार लवकर ओलांडून जातो.

आता वृत्त पाहू. शास्त्रशुद्ध आर्येच्या पूर्वार्धात 30 मात्रा असतात आणि उत्तरार्धात 27. पंतांच्या ज्या रचनेला आपण सरसकट ‘आर्या’ म्हणतो ती बहुतांशी ‘गीती’ आहे. तिच्या दोन्ही अर्धांत 12 आणि 18 अशा 30-30 मात्रा येतात. हा फरक पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. चार-चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू, असे दोन्ही अर्ध सारखे झाले की त्यांच्या अखेरीस येणारे यमक समान अंतरावर पडते. श्रोत्याचा कान त्या जागेची वाट पाहू लागतो. मूळ आर्येत उत्तरार्ध तीन मात्रांनी आखूड पडतो आणि ही अपेक्षा थोडी लंगडते. पंतांची पसंती वृत्तशास्त्रापेक्षा कानाने ठरवली असावी, असे मानण्यास येथे जागा आहे.

यमकाचेही तसेच. यमक म्हणजे नुसते शेवटचे अक्षर जुळवणे नव्हे. तोच अक्षरसमूह पुन्हा आणायचा आणि अर्थ मात्र पालटायचा. ‘नवरस’ हा उच्चार एकदा नऊ रसांसाठी आणि दुसऱ्यांदा ताज्या रसासाठी योजला, तर कान म्हणतो ‘हे ऐकले आहे’, आणि बुद्धी म्हणते ‘हे वेगळे आहे’. या क्षणिक गोंधळात जो आनंद आहे, तो छापील पानावर टीपेशिवाय हाती लागत नाही; म्हणणाऱ्याने योग्य जागी थांबून म्हटले की टीप लागत नाही.

पंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांतील प्रयोगांकडेही याच दृष्टीने पाहावे. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारावे लागणारे वर्ण वर्ज्य आहेत. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘म’ चालत नसल्यामुळे ‘राम’ हे नावच घ्यायचे नाही! या युक्तीला संस्कृतात पूर्वपरंपरा आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. पण ही करामत खरी प्रत्ययास येते ती सांगणाऱ्याचे न मिटणारे ओठ समोर दिसत असताना.

येथे एका दूरच्या कलेची आठवण होते. 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील मेजवान्यांतून हिप-हॉप उदयाला आले. पुढे 1987 मध्ये ‘पेड इन फुल’ या ध्वनिमुद्रिकेने रकीम या रॅपगायकाचे नाव झाले, ते मुख्यतः ओळीच्या पोटात यमके पेरण्याच्या त्याच्या कसबामुळे. ठरलेला ठेका, त्यावर अपेक्षित जागी पडणारे यमक, शब्दांवरील कोट्या, आणि स्वतः निवडलेले नाव कवितेत मिरवणे, ही सारी सामग्री पंतांच्या वाचकाला ओळखीची वाटेल. ‘मोर’ या नावावरून स्वतःला ‘मयूर’ म्हणवणारा आणि आपल्या आर्त स्तोत्राला मोराच्या केकांची माळ, म्हणजेच ‘केकावली’, असे नाव देणारा हा कवी आहे. दोन्हींचा सामाजिक आशय एक आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. रॅप वंचितांच्या वस्तीतून आले; पंत वाड्याच्या आश्रयाने लिहीत होते. साम्य आहे ते कारागिरीत आणि ऐकणाऱ्याशी असलेल्या नात्यात.

वाड्यातली ही कविता लोकांत नेण्याचे श्रेय परंपरा सोलापूरच्या राम जोशींना देते. तमाशाच्या फडावर लावणी गाजवलेल्या या शाहिराने पुढे कीर्तनात पंतांच्या आर्या म्हटल्या आणि त्या घरोघरी पोचवल्या, असे सांगतात. 1947 च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाने ती स्मृती पुन्हा जागवली. फडावरच्या माणसाला पंडिताची रचना आपलीशी वाटली, यात नवल नाही. शब्द ठेक्यावर कसा बसवावा हा दोघांचाही प्रश्न होता. साकी-दिंडीबरोबर आर्या ही कीर्तनाची ठेव होऊन बसली, ती त्यामुळेच.

छापखाना आल्यावर स्थिती पालटली. दादोबा पांडुरंगांनी ‘केकावली’वर टीका लिहिली, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’तून पंतांची पाठराखण केली, ल. रा. पांगारकरांनी 1908 मध्ये चरित्र आणि काव्यविवेचन सिद्ध केले. ही सेवा मोठी आहे. पण तिच्या ओघात पंत अभ्यासाचा विषय झाले. अन्वय, समास, अलंकार यांच्या उत्तरांत त्यांची कविता वाटली गेली. नंतरच्या भावकवितेच्या अभिरुचीला तर यमकाचा उघड आनंद हाच कृत्रिमतेचा पुरावा वाटला.

पंतांचे दोष झाकण्याचे कारण नाही. यमकासाठी अर्थाची ओढाताण होते, लांबलचक समास वाट अडवतात, आणि कथेचा वेग कित्येकदा कारागिरीपायी मंदावतो. पण हे दोष ठरवण्याआधी ती कविता एकदा ऐकलेली तरी असावी. आर्या फळ्यावर लिहून अन्वय लावण्यापूर्वी शिक्षकाने ती ठेक्यावर म्हणावी, विद्यार्थ्यांकडून म्हणून घ्यावी. रॅप ऐकून वाढलेल्या आजच्या मुलाचा कान यमकाला मागच्या पिढीपेक्षा अधिक सरावलेला आहे. अर्थ कदाचित त्याला उशिरा कळेल. ‘हे आत्ताच ऐकले, पण वेगळे होते’ हा धक्का मात्र त्याला पहिल्याच वाचनात बसेल, आणि पंतांच्या अभ्यासाला सुरुवात करायला तेवढा पुरेसा आहे.