दूरस्थ गणनेचा शिरस्ता

मानपाड्यातील आपल्या घरी बसून आज एखादा अभियंता पुलावरील भाराचे प्रतिरूपण दूरच्या क्लाउड सर्व्हरकडे सोपवतो. परंतु यंत्र एकीकडे आणि प्रश्नकर्ता दुसरीकडे, हा शिरस्ता मुळीच नवा नव्हे. १९६४ साली कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र दाखल झाले, तेव्हा आज्ञावलीची एकेक ओळ एकेका छिद्रांकित कार्डावर उतरवून, त्यांचा क्रमवार लावलेला गठ्ठा यंत्रापाशी रुजू करावा लागे आणि एक कार्ड मागेपुढे झाले तरी सारा खटाटोप व्यर्थ ठरे. पुढे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. साधने पालटली, तरी प्रश्न अचूक मांडण्याची जबाबदारी आजही माणसाचीच आहे.