तेलाची प्रत आणि तेलाचा भाव

साखऱ्याचा शेतकरी हिंगोलीच्या बाजारात हळद नेतो, तेव्हा व्यापारी मूठभर कांड्या हाती घेतो, एक मोडून पाहतो, रंग आणि ओल पारखतो आणि मग भाव बोलतो. प्रत पाहणे निराळे आणि भाव ठरविणे निराळे, हे त्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. खनिज तेलाचा इतिहासही या दोन कामांचाच इतिहास आहे.

प्रथम प्रत पाहू. जमिनीतून निघणारे तेल सर्वत्र सारखे नसते. त्याचे हलके-जडपण अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरविलेल्या अंशांत मोजतात. पाण्याचे अंश १०. अंक जितका मोठा तितके तेल हलके. साधारणतः ३१ अंशांवरील तेल हलके आणि २२ अंशांखालील जड. हलक्या तेलातून पेट्रोल-डिझेल अधिक निघते, जड तेलात डांबरासारखा गाळ अधिक. दुसरी कसोटी गंधकाची. गंधक अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर तेल ‘गोडे’, अधिक असेल तर ‘आंबट’. गंधक काढावयास खर्च लागतो, म्हणून आंबट तेल स्वस्त. १९७४ साली आपल्या समुद्रात ‘मुंबई हाय’ येथे सापडलेले तेल हलके आणि गोडे आहे.

येथपर्यंत शास्त्र झाले. भावाची कथा मात्र सत्तेची आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेल कोठूनही निघो, त्याचा भाव अमेरिकेच्या मेक्सिको आखातावरून धरीत आणि तेथपासूनचे जहाजभाडे त्यात मिळवीत. इराणातील आबादानहून मुंबईस आलेल्या मालावरही न झालेल्या प्रवासाचे भाडे चढे!

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली परदेशी कंपन्यांशी करार झाले आणि १९५४-५५ मध्ये तुर्भे येथे स्टॅनव्हॅक (पुढे एसो) व बर्मा-शेल यांचे शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. कच्चे तेल कोठून आणावयाचे, हे कंपन्यांनी आपल्या हाती ठेवले. विकणारा आणि घेणारा एकाच घरचा. मग भावाची घासाघीस करणार कोण?

हे कोडे आम्हांस पुस्तकांआधी वाटाघाटीच्या टेबलावर उमगले. पगारवाढ मागावयास आम्ही बसलो, तेव्हा एका कारखान्याने तोट्याचा ताळेबंद पुढे केला. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पण आकडा आकड्याशी ताडत गेलो आणि दिसले की, कच्चा माल मालकांच्याच दुसऱ्या कंपनीकडून चढ्या दराने येत होता. नफा तिकडे, तोटा इकडे. कामगारास दाखविला जाई तो तोटाच.

१९६० साली रशियाने स्वस्त तेल देऊ केले. तेलखात्याचे मंत्री केशवदेव मालवीय यांनी कंपन्यांस ते शुद्ध करण्यास सांगितले. त्यांनी नकार दिला. परंतु पुढे स्वतःच्या जाहीर भावात त्यांना सूट द्यावीच लागली. दुसरा विक्रेता दारात उभा राहिला की पहिल्याची भाषा मऊ होते. १९६१ साली दामले समितीनेही सुटीचा हिशेब किमतीत धरावयास सांगितले. इकडे कंपन्यांनी जाहीर भाव उतरविताच तेल पिकविणाऱ्या पाच देशांनी सप्टेंबर १९६० मध्ये बगदादेत एकत्र येऊन ‘ओपेक’ स्थापिली. एकट्याने भाव मागता येत नाही, हे राष्ट्रांनाही कळले.

आज भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्याच्या सरासरी भावाच्या हिशेबात ओमान-दुबईचे आंबट आणि उत्तर समुद्रातील ब्रेंटचे गोडे तेल धरतात. पण केवळ प्रत भाव देत नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतील उत्तम, हलक्या, गोड्या तेलाचा वायदा पिंपामागे शून्याखाली ३७ डॉलरांवर गेला. टाक्या भरल्या होत्या. ठेवावयास जागा नव्हती. प्रत तीच, भाव मातीमोल!

ज्याच्याजवळ गोदाम नाही त्या शेतकऱ्यास याचे नवल वाटणार नाही. म्हणून आमचे सांगणे इतकेच: मालाची पारख तर शिकावीच, पण भाव बोलणारा कोण, आणि त्याच्यासमोर आपण एकटे उभे आहोत की संघटित, हेही दर वेळी विचारावे.