रनिंग ऑफ द ब्राइड्स

'रनिंग ऑफ द ब्राइड्स' (अर्थ: नववधूंची धाव) हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरात सुरू झालेल्या, वधूवेशांच्या सवलतीतील विक्रीचे लोकप्रिय नाव आहे. फायलीन्स बेसमेंट या दुकानाने १९४७ साली ही विक्री प्रथम भरवली. एरवी हजारो डॉलर किमतीचे विवाहाचे गाउन या दिवशी काही शे डॉलरना मिळत. त्यामुळे वधू आपली आई, बहिणी व मैत्रिणी यांच्यासह पहाटेपासून दुकानाबाहेर रांग लावीत आणि दार उघडताच आत धाव घेत. स्पेनमधील पाम्प्लोना येथे सान फेर्मिन उत्सवात होणाऱ्या बैलांच्या धावेवरून हे नाव विनोदाने पडले.

पार्श्वभूमी

पाश्चात्त्य विवाहांत पांढऱ्या वधूवेशाची प्रथा इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या १८४० मधील विवाहानंतर विशेष रूढ झाली. असा गाउन बहुधा मागणीनुसार शिवला जातो. मागणी नोंदवल्यापासून तो हाती येण्यास अनेक महिने लागतात व नंतर वधूच्या मापानुसार त्यात फेरफार करावे लागतात. एकाच दिवशी वापरल्या जाणाऱ्या या वस्त्राचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबांना जड जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतल्यावर अमेरिकेत विवाहांची संख्या एकाएकी वाढली. एकट्या १९४६ मध्ये तेथे सुमारे २३ लाख विवाह झाले. फायलीन्सची पहिली वधूवेश विक्री याच्या पुढच्याच वर्षी भरली.

फायलीन्स बेसमेंट

विल्यम फायलीन यांनी बॉस्टनमध्ये उभारलेल्या कापडचोपडाच्या व्यवसायाचा विस्तार त्यांच्या मुलांनी केला. त्यांपैकी एडवर्ड फायलीन (१८६०–१९३७) यांनी १९०९ साली दुकानाच्या तळघरात स्वस्त मालाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. वरच्या मजल्यांवर न खपलेला माल, तसेच इतर दुकानांतील व कारखान्यांतील शिल्लक माल येथे विकला जाई.

या विभागाची ख्याती त्याच्या स्वयंचलित किंमतघटीमुळे झाली. प्रत्येक वस्तूवर ती विक्रीस मांडल्याची तारीख लिहिलेली असे. मूळ योजनेनुसार १२ विक्रीदिवसांनंतर किमतीत २५ टक्के, १८ दिवसांनंतर ५० टक्के आणि २४ दिवसांनंतर ७५ टक्के घट होई. ३० दिवसांनंतरही न खपलेली वस्तू धर्मादाय संस्थेला दिली जाई. म्हणजे १०० डॉलरची वस्तू क्रमाने ७५, ५० व २५ डॉलरना मिळे. मात्र ग्राहकाने अधिक सवलतीसाठी वाट पाहिल्यास ती वस्तू दुसऱ्याच्या हाती जाण्याचा धोका असे. किमतीत घासाघीस करण्यास वाव नव्हता. नियम सर्वांना सारखाच लागू होता.

एडवर्ड फायलीन यांचा भारताशीही संबंध आला. १९०७ मधील जगप्रवासात त्यांनी बंगालमधील ग्रामीण सहकारी पतसंस्थांचे काम पाहिले. त्यानंतर अमेरिकेत पतसंस्थांची चळवळ उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्याचा पतसंस्थाविषयक कायदा १९०९ मध्ये, म्हणजे तळघरातील विभाग सुरू झाला त्याच वर्षी संमत झाला.

विक्रीचे स्वरूप

विक्रीसाठी येणारे गाउन सामान्यतः रद्द झालेल्या मागण्यांतील, बंद पडलेल्या दुकानांतील, दुकानात नमुना म्हणून ठेवलेले किंवा उत्पादकांकडे उरलेले असत. २००० च्या दशकात त्यांच्या किमती २४९ डॉलरपासून सुरू होत. दार उघडताच सर्व दांड्या अक्षरशः काही क्षणांत, बहुधा एका मिनिटाच्या आत, रिकाम्या होत.

ही खरेदी एकटीने करणे जवळजवळ अशक्य असे. त्यामुळे वधूसोबत येणारे कुटुंबीय व मैत्रिणी एखाद्या संघाप्रमाणे कामे वाटून घेत. गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून एकसारखे सदरे, टोप्या किंवा डोक्याला बांधायच्या रंगीत पट्ट्या वापरल्या जात. पहिल्या धावेत माप किंवा नमुना न पाहता हाती येतील तेवढे गाउन उचलले जात. मग एक जण त्या ढिगाजवळ थांबे, एक जण वधूला गाउन चढवण्यास मदत करी आणि उरलेल्या जणी इतर संघांशी देवाणघेवाण करीत. हवे ते माप पुठ्ठ्यावर लिहून किंवा मोठ्याने पुकारून नको असलेल्या गाउनच्या बदल्यात हवा तो मिळवला जाई. अशा रीतीने पहिल्या काही क्षणांची स्पर्धा पुढे काही तासांच्या सहकार्यात बदलत असे.

पुष्कळ वधू दुकानाच्या मोकळ्या जागेतच गाउन घालून पाहत. त्यासाठी अनेक जणी पोहण्याचा किंवा व्यायामाचा अंगाबरोबर बसणारा पोशाख आधीच घालून येत. गाउन पसंत पडला की संघातील सर्व जणी जल्लोष करीत आणि उरलेले गाउन इतरांसाठी सोडून दिले जात.

फायदे व मर्यादा

मर्यादित उत्पन्नाच्या वधूंना नामांकित रचनाकारांचे गाउन आवाक्यात येणे हा या विक्रीचा मुख्य लाभ होता. तथापि कमी किंमत म्हणजे एकूण खर्च कमी असे नेहमीच नसते. मापात फेरफार, स्वच्छता व नमुन्याच्या गाउनवरील डागांची दुरुस्ती यांचा खर्च वेगळा येतो. मोठा गाउन लहान करणे तुलनेने सोपे असते. लहान गाउन मोठा करण्यास शिवणीत पुरेशी माया असावी लागते. शिवाय घाईच्या आणि गर्दीच्या वातावरणात वधूच्या पसंतीपेक्षा सोबतच्यांच्या आग्रहाला अधिक वजन मिळण्याची शक्यता असते. उलट, शांतपणे विचार करू शकणारी एखादी व्यक्ती सोबत असल्यास चुकीची खरेदी टळते.

महाराष्ट्रात विवाहापूर्वी बस्ता बांधण्यासाठी वडीलधाऱ्यांसह नातेवाईक एकत्र दुकानात जातात. दोन्ही प्रथांत खरेदी हा कौटुंबिक प्रसंग असतो. मात्र बस्त्यात वधूच्या शालूबरोबरच मानपानाच्या वस्त्रांचाही समावेश होतो आणि खरेदी बैठकीवर निवांतपणे चालते.

विस्तार व अखेर

पुढे ही विक्री न्यू यॉर्क, शिकागो, वॉशिंग्टन व अटलांटा या शहरांतील शाखांतही भरू लागली. वधूवेशांच्या सवलतीतील खरेदीचा विषय दूरचित्रवाणीवरही आला. 'फ्रेंड्स' या मालिकेच्या २००१ मधील एका भागाचे कथानक अशाच खरेदीवर आधारलेले आहे.

बॉस्टनच्या डाउनटाउन क्रॉसिंग भागातील मूळ दुकान २००७ मध्ये इमारतीच्या पुनर्विकासासाठी बंद झाले. २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली व सिम्स या कंपनीने ती विकत घेतली. २०११ मध्ये दोन्ही कंपन्यांनी पुन्हा दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सर्व दुकाने बंद झाली. त्याबरोबर सहा दशकांहून अधिक काळ चाललेली ही विक्री मूळ स्वरूपात थांबली. मूळ दुकानाची १९१२ मधील इमारत वास्तुरचनाकार डॅनियल बर्नहॅम यांच्या नावाने ओळखली जाते व ती अद्याप उभी आहे.

हेही पहा

• वधूवेश
• बस्ता
• पैठणी
• पतसंस्था