वांड पोट्टं मोठं झाल्यावर

आपल्या वऱ्हाडात शाळामास्तरांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : 'पोट्टं हुशार हाय, पण वांड हाय.' या वाक्यातल्या 'पण'ला मोठा इतिहास आहे. तो सेमाडोहला, सिपनेच्या काठी सांगावा, यालाही कारण आहे. त्याकडे शेवटी येतो.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत : क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. क्षिप्त म्हणजे सतत इकडून तिकडे फेकलं जाणारं मन. लक्षात घ्या, या मनाच्या अवस्था आहेत, माणसांच्या जाती नव्हेत.

युरोपात हा प्रश्न वैद्यांनी हाती घेतला. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरानं लिहिलं, की काही जणांत लक्ष न टिकण्याची ही अवस्था जन्मजात असते, शिक्षणात अडथळा आणते. पण वय वाढलं की बहुधा कमी होते. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा.

पुढे १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्यानं दिली. ४३ मुलांची उदाहरणं त्यांच्यापुढे होती. बुद्धी शाबूत, तरी आवर घालता येत नाही, अशा मुलांबद्दल त्यांनी शब्द वापरला 'नैतिक नियंत्रणातला दोष'. स्टिल यांना शारीरिक कारण शोधायचं होतं, पण 'नैतिक' हा शब्द चिकटला. न जमणं आणि न करणं, यातला फरक पुसला गेला. आपल्या 'वांड' शब्दातही तो पुसलेलाच आहे.

१९६८ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या विकाराला बालपणातली अतिचंचलता म्हटलं गेलं, आणि किशोरवयात ती सहसा ओसरते अशी पुस्तीही जोडली. म्हणजे क्रिक्टनची आशा १७० वर्षांनीही तशीच! का बरं? कारण डॉक्टर मुलं पाहत होते. तीच मुलं चाळिशीला कशी असतील, हे फारसं कोणी थांबून पाहिलं नव्हतं.

मग काहींनी थांबून पाहिलं. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात तपासलेल्या मुलग्यांचा तिथल्या संशोधकांनी ३३ वर्षं पाठपुरावा केला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा ते सरासरी ४१ वर्षांचे होते. ज्याला आज आपण एडीएचडी म्हणतो, ते पूर्ण स्वरूपात त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्क्यांमध्ये उरलं होतं. म्हणजे क्रिक्टन अगदीच चुकले नव्हते. पण लक्षणं ओसरली, म्हणून नुकसान भरून आलं असं झालं नाही. तुलनेला घेतलेल्या गटापेक्षा त्यांचं शिक्षण सरासरी अडीच वर्षांनी कमी, कमाई कमी, घटस्फोट जास्त, तुरुंगवासही जास्त. आणि तरीही बहुतेक जण कामधंद्याला लागलेले होते, हेही सांगितलं पाहिजे. या अभ्यासात सगळे गोरे मुलगे होते. मुलगी एकही नव्हती. खिडकीबाहेर बघत गप्प बसणारी मुलगी कुणाला वांड वाटत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते.

आता सेमाडोह. इथलं लेकरू घरी कोरकू बोलतं. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. असं मूल पहिलीत मराठी ऐकताना भिरभिरलं, तर तो आजार की परकी भाषा? पोटात भूक आहे? कानानं कमी ऐकू येतं? एडीएचडी म्हणायचं तर लक्षणं नुसती शाळेत दिसून भागत नाही. घरी, खेळात, कामातही दिसावी लागतात. म्हणून मास्तरांनी आईला विचारलं पाहिजे, तेही तिच्या भाषेत. उलट बाजूही आहे. कमी वजनाच्या बाळांत या विकाराचा धोका अधिक असतो, आणि मेळघाटात कमी वजनाची बाळं किती जन्मतात हे तुम्हाला सांगायला नको. 'जंगलातली पोरं अशीच' म्हणून सोडून देणं हीही हेळसांडच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे; एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. तज्ज्ञ गाठायचा तर घाट उतरून परतवाडा, अमरावती. तोवर काय? पहिल्या बाकावर बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. काम तुकड्यांत द्या. अधूनमधून उठू द्या, पाणी आणायला पाठवा. चुकलं तेवढंच सांगता, तसं जमलं तेही लगेच सांगा. यानं विकार बरा होईल असं मी म्हणत नाही. पण मूल शाळेत टिकेल.

आणि टिकणं हाच मुद्दा आहे. ती अडीच वर्षं एका दिवसात गेली नाहीत. रोज एकेक तास वर्गाबाहेर उभं राहून गेली. क्षिप्त ही अवस्था आहे. तिची जात आपण बनवतो, हजेरीपटावरचं नाव कापून. ते नाव कापू नका, एवढंच सांगायला आलो होतो.