वहिवाट आणि पास

आमच्या मुळशीच्या बाजूला प्लॉट पडायच्या आधी रस्त्याचा मालक कुणी विचारत नव्हतं. गाव नकाशात पाणंदीच्या तुटक रेषा असायच्या. नकाशात नसली तरी बांधावरून वहिवाट असायची, आणि बैलगाडी जाईल एवढी जागा सोडूनच नांगर फिरायचा.

मग फार्महाऊसं आली. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, वॉचमन. आतल्या रस्त्याच्या डागडुजीला प्लॉटवाल्यांनी आपसात वर्गणी लावली, तो त्यांचा प्रश्न. पण गेटापलीकडं ज्यांची भातखाचरं, त्यांच्या ट्रॅक्टरलाही पावती मागू लागले. वाद वाढला तेव्हा म्हणाले, "बरं, तुम्हाला फुकट पास देतो." पोरं खूश झाली. आबा म्हणाले, "पास घेतला की वाट त्यांची झाली."

आबांचं बोलणं कायद्याला धरून होतं. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानं 20 वर्षं हक्कानं, अखंड चाललेली वहिवाट टिकते. कुणाच्या परवानगीनं चाललेली टिकत नाही. आणि वाट अडवली तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावतो, पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. पुढं दिवाणी कोर्ट, म्हणजे नातवापर्यंत तारखा.

आम्ही मुदतीत दावा लावला. तहसीलदार जागेवर आले, पंचनामा झाला, म्हाताऱ्यांचे जबाब झाले. गेट राहिलं, कुलूप निघालं. म्हणून सांगतो, वाट अडली की भांडायच्या आधी तारीख लिहून ठेवा.