खाजा, हलवा आणि जपानची जत्रा

श्रोतेहो, गेल्या मे महिन्यात माझा भाचा मुंबईहून सुटीसाठी आमच्या मालवणच्या घरी आला होता. वय वर्षे आठ. सकाळी उठल्यापासून त्याचा एकच धोशा : डोरेमॉन जो 'डोरा केक' खातो तो मला पाहिजे. डोरेमॉन म्हणजे जपानी चित्रकथेतला निळा यांत्रिक बोका. १९६९ साली जपानात जन्मलेला हा प्राणी आता हिंदी बोलतो आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांना पाठ असतो. त्याचा आवडता खाऊ म्हणजे दोरायाकी. अंडे, साखर आणि मैदा यांच्या दोन जाडसर गोल पोळ्या आणि मध्ये अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड पुरण.

हे सारे मी आईला समजावून सांगितले. तिने चुलीवरची नजर न काढता ऐकून घेतले आणि म्हणाली, "मगे त्यात काय मोठां नवाल? घावन्यात पुरान घातलेलां असा, आणि काय!"

आज आपल्यापुढे जे बोलावयाचे आहे ते आईच्या या एका वाक्यावरच. जपानची मिठाई युरोपातला मनुष्य प्रथम खातो तेव्हा तो दचकतो. कडधान्य आणि ते गोड, हे त्याच्या जिभेला पटत नाही. आपल्याला त्यात नवल वाटत नाही. चण्याच्या डाळीचे पुरण आपण होळीला खातोच. जपानी लोक तांदळाच्या मऊ गोळ्यात गोड सारण भरतात, आपण मोदकात भरतो. मे महिन्यातल्या मुलांच्या सणाला ते हा गोळा ओकच्या पानात गुंडाळतात, आपण नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळे उकडतो. तेव्हा परक्याच्या डोळ्यांनी पाहावयाचे म्हटले, तर आधी विचारले पाहिजे की परका कोठला? लिस्बनचा परका वेगळा आणि मालवणचा परका वेगळा.

परका पाहुणा आणि त्याची फजिती

इतिहासात अशा परक्यांची नोंद आहे, आणि ती आपल्या अगदी शेजारची आहे. यान हुयगेन फान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक गमतीची हकीकत आहे. इथले लोक पाण्याचे भांडे ओठांना न लावता वरून पाणी पितात, आणि गोव्यात स्थायिक झालेले पोर्तुगीजही तीच रीत शिकले होते. नुकताच जहाजातून उतरलेला गोरा माणूस तसे पिऊ लागला की पाणी छातीवर सांडे आणि सारी मंडळी त्याला हसत. म्हणजे 'परक्याची फजिती' हा प्रकार तेव्हाही होता, फक्त फजीत होणारा गोरा होता.

दुसरा पाहुणा लुईश फ्रोइश. हा पोर्तुगीज पाद्री १५४८ मध्ये गोव्याला आला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. १५८५ साली त्याने एक छोटी वही लिहिली. आम्ही असे करतो, जपानी तसे करतात, अशा जोड्यांची ही वही. त्यात तो सांगतो की आम्ही सारे काही हाताने खातो आणि जपानी लोक लहानपणापासून दोन काड्यांनी खातात. श्रोतेहो, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सोळाव्या शतकातला युरोपीय मनुष्य हातानेच जेवत होता. पुढे त्यांच्याच वंशजांनी काटा-चमचा उचलला आणि हाताने जेवणाऱ्या आपल्याला रानटी ठरविले. फ्रोइशची ही वही पुढे माद्रिदच्या एका संग्रहात पडून राहिली. १९४६ मध्ये ती सापडली आणि १९५५ मध्ये तोक्योत छापून निघाली.

एकाच गलबतातला माल

गोवा आणि जपान यांचा संबंध केवळ वह्यांपुरता नव्हता. पोर्तुगीज लोक १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यानंतर पाच वर्षांनी, १५४८ मध्ये, आंजिरो नावाच्या एका जपानी माणसाचा गोव्यात बाप्तिस्मा झाला. त्यालाच वाटाड्या म्हणून बरोबर घेऊन फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाला आणि मलाक्कामार्गे १५ ऑगस्टला कागोशिमाला उतरला. पुढे १५८२ मध्ये चार जपानी मुले युरोपला पाठविण्यात आली. जाताना आणि येताना त्यांचा मुक्काम गोव्यात पडला. १५९० मध्ये ती मायदेशी परतली.

या गलबतांतून धर्म गेला, बंदुका गेल्या, तसा खाऊही गेला, आणि त्याची साक्ष शब्द देतात. आपण 'पाव' म्हणतो, जपानी 'पान' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे. आपला साबण तोच त्यांचा 'शाबोन', आपली तंबाखू तीच त्यांची 'ताबाको'. बटाटा हे नाव आपण पोर्तुगीजांकडून घेतले. जपान्यांनी मात्र त्याला 'जागाइमो' म्हटले, म्हणजे जकार्त्याचा कंद, कारण तो त्यांच्याकडे डचांच्या जहाजांतून तिकडून आला. पिठात बुडवून तळण्याची पोर्तुगीज रीत जपानात 'तेम्पुरा' झाली. ज्या मिरचीशिवाय आपले तिखले होत नाही आणि ज्या काजूवर वेंगुर्ल्याचे अर्धे अर्थकारण चालते, ती दोन्ही पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणली. तेव्हा 'आमचे अस्सल' असे म्हणताना थोडे जपून म्हणावे.

पोर्तुगीजांना जपानने १६३९ मध्ये हाकलून दिले. १६४१ पासून युरोपीयांपैकी फक्त डचांना, तेही नागासाकीच्या देशिमा नावाच्या चिमुकल्या बेटावर, व्यापाराची मुभा उरली. हीच ती डच कंपनी जिची सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला वखार होती. तिच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. शाळेची सहल तेथे नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना हे अवश्य सांगावे की या भिंती बांधणाऱ्या कंपनीचे दुसरे दार नागासाकीत होते. त्या दाराने जपानात साखर जाई आणि जपानचे तांबे हिंदुस्थानच्या बाजारांत येई.

काटेरी हलव्याचा जुळा भाऊ

साखरेवरून आठवले. १५६९ मध्ये फ्रोइश हा ओदा नोबुनागा या बलाढ्य जपानी सरदाराच्या भेटीला गेला, तेव्हा नजराण्यात काचेच्या बरणीत भरलेल्या साखरेच्या गोळ्या होत्या. पोर्तुगीजांत त्यांना 'कोन्फेइतो' म्हणत. जपान्यांनी त्याचे 'कोम्पेइतो' केले. आज जपानात मिळणारा कोम्पेइतो आपण पाहिलात तर थक्क व्हाल. तो हुबेहूब आपला संक्रांतीचा काटेरी हलवा!

करण्याची रीतही तीच. आपल्याकडे परातीत तीळ घेऊन मंद निखाऱ्यावर थेंब थेंब पाक सोडत हाताने हलवीत बसतात. जुन्या जपानात गाभ्याला तीळच घालीत. आता कढई तिरपी धरून यंत्राने फिरवितात, तरी एक घाणा उतरावयास पंधरवडा लागतो. घाई केली की काटा येत नाही, हा अनुभव दोन्हीकडच्या सुगरणींचा. हा काटा का येतो? तोराहिको तेरादा नावाच्या जपानी पदार्थविज्ञान-प्राध्यापकाला या प्रश्नाने पछाडले होते. दाण्यावर कोठेतरी किंचित उंचवटा असतो, त्याला पाक अधिक लागतो, तो आणखी उंच होतो, म्हणून त्याला आणखी पाक लागतो. विज्ञानाच्या शिक्षकांना संक्रांतीच्या आठवड्यात याहून सोपा पाठ कोठे मिळेल?

आपल्या खाजालाही तेथे भाऊबंद आहे. आंगणेवाडीला किंवा गावच्या जत्रेला गेलेला माणूस खाजाची पुडी घेतल्याशिवाय घरी येत नाही. बेसनाची जाड शेव, गुळाचा पाक, आल्याचा झणका. जपानी लोक कणकेच्या कांड्या तळून काळ्या साखरेत घोळवितात, त्यांना 'कारिन्तो' म्हणतात. देवळाच्या उत्सवात पाल ठोकून खाऊ विकणारे लोक त्यांच्याकडेही आहेत.

पत्ते, कोळंबी आणि चित्रे

पोर्तुगीज खलाशांबरोबर पत्तेही जपानला गेले. 'कार्ता'चे जपानीत 'कारुता' झाले. जुगारावर सरकारने बंदी घातली की कारागीर पत्त्यांवरची चित्रे बदलीत. असे बदलत बदलत 'हानाफुदा' आले : बारा महिन्यांची फुले-झाडे, प्रत्येक महिन्याचे चार, एकूण ४८ पत्ते. हे पत्ते करण्यासाठी १८८९ मध्ये क्योतोत एक दुकान निघाले. त्याचे नाव निन्तेन्दो. होय, आज जगभरच्या मुलांच्या हातांत ज्यांचे व्हिडिओ गेम असतात तेच हे.

आता सावंतवाडीकडे या. गंजिफा हा खेळ मोगलांबरोबर आला. १५२७ मध्ये बाबराने गंजिफाचा संच सिंधला भेट पाठविल्याची नोंद आहे. आपण त्यात दशावतार बसविले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा, एकूण १२० गोल पत्ते, लाखेच्या रंगांत हाताने रंगविलेले. १९७० च्या सुमारास ही कला जाणणारा चितारी शोधून काढावा लागत होता. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी हे स्वतः अशा एका वृद्ध कारागिराकडून ती शिकले आणि राजवाड्यात कारखाना सुरू केला, म्हणून ती टिकली.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. मी शिकत असताना मोठ्या शहरातल्या एका वसतिगृहात राहत होतो. आईने गोलम्याची चटणी डब्यात भरून दिली होती. खोलीतल्या मित्रांनी नाके धरली आणि डबा बाहेर ठेवावयास लावला. रात्री मी तो गुपचूप कचऱ्यात रिकामा केला. नंतर केव्हातरी वाचनात आले की हिरोशिमाच्या एका कंपनीने १९६४ मध्ये लहान कोळंबी कवचासकट दळून, पिठात मिसळून तिच्या कुरकुरीत कांड्या काढल्या आणि त्या जपानभर घरोघरी गेल्या. पुडीवर नाव घातले 'कापा'. कापा म्हणजे पाण्यातले भूत, आपल्या गिऱ्ह्याच्या जातीचे. कोळंबी आपल्याकडेही होती आणि पाण्यातले भूतही होते. आपल्याजवळ नव्हता तो त्यांचा अभिमान. त्या डब्याची आठवण झाली की आजही मला वासाची लाज वाटत नाही, माझीच वाटते.

शेवटची गोष्ट चित्रांची. १९३० च्या सुमारास जपानच्या गल्ल्यांत सायकलवर लाकडी पेटी घेऊन माणूस येई. लाकडाचे तुकडे वाजवून मुले जमवी, खाऊ विकी आणि मग एकामागून एक चित्र सरकवीत गोष्ट सांगे. खाऊ घेणाऱ्यांना पुढची जागा. याला 'कामिशिबाई', म्हणजे कागदी नाटक म्हणत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींचे चित्रकथीचे खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको. पोथीतली चित्रे एकेक पुढे करीत, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने सांगण्याची ती विद्या पिंगुळीने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. त्याच गावचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

जपानात १९५३ मध्ये दूरचित्रवाणी आली. लोक तिला 'विजेवरची कामिशिबाई' म्हणू लागले आणि खऱ्या कामिशिबाईवाल्यांचा धंदा बसला. पण चित्रे काढणारे हात रिकामे बसले नाहीत. शिगेरु मिझुकी नावाचा चित्रकार महायुद्धात डावा हात गमावून परतला होता. तो कामिशिबाई रंगवीत असे. ती बंद पडताच चित्रकथांच्या पुस्तकांकडे वळला आणि एका म्हाताऱ्या बाईच्या तोंडून ऐकलेली भुतेखेते त्याने देशभर पोहोचविली. आपली मुले आज जी जपानी चित्रे पाहतात, त्यांच्या मागे ही परंपरा आहे. गल्लीतला गोष्टीवाला तेथे मेला नाही, त्याने कपडे बदलले.

श्रोतेहो, माझ्या भाच्याने डोरेमॉन पाहू नये असे मी म्हणणार नाही. खुशाल पाहावा. आईने त्याला दुसऱ्या दिवशी घावन्यात पुरण घालून दिले आणि त्याने तीन खाल्ले. माझी विनंती शिक्षकबंधूंना आहे. वर्षातून एकदा पिंगुळीच्या कलावंतांना शाळेत बोलवा आणि त्यांना योग्य मानधन द्या. नंतर मुलांना सांगा : तुमच्या वाडीतली एक गोष्ट, देवचाराची म्हणा, वादळात सापडलेल्या होडीची म्हणा, दहा चित्रांत काढून आणा. आणि त्या दिवशी डब्यात जे घरी शिजते तेच आणू द्या, मग त्याला कसलाही वास येवो.